सागरतळाचे साक्षीदार

पावसाळ्यात नेसरीच्या परिसरातील घटप्रभा नदी दुथडी भरून वाहते. पूर ओसरल्यावर काठाशी गाळाचा नवा थर दिसतो. प्रवाह मंदावला, की प्रथम गोटे, मग वाळू आणि शेवटी बारीक माती तळाशी बसते. संथ पाणी गोटा दूर नेऊ शकत नाही, हा निसर्गाचा साधा नियम आहे.

मुलांनो, आता अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराकडे वळू. तेथे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, सागरतळाशी मऊ चिखल साचलेला आहे. परंतु त्या चिखलात मधूनच जाड वाळू व खडे आढळतात. जवळ ना नदी, ना किनारा! मग हे खडे आणले कोणी?

ते आणले हिमनगांनी. हिमनदी ही मंद गतीने सरकणारी बर्फाची नदी होय. डोंगर खरवडीत येताना ती दगडधोंडे पोटात घेते. समुद्राशी तिचे कडे तुटतात आणि हिमनग होऊन तरंगत जातात. ते वितळले, की पोटातील खडे तळाशी पडतात.

गोव्यात वास्को येथे ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. २००४ साली ‘सागर कन्या’ हे भारतीय जहाज दक्षिण महासागराच्या मोहिमेवर गेले. अशा मोहिमेत लांब पोकळ नळी तळात रोवून वर ओढतात. तिच्यात गाळाचे थर जसेच्या तसे येतात. वरचा थर नवा, खालचा जुना. शास्त्रज्ञ थरांचे वय ठरवितात व चाळून निघालेले कण मोजतात. त्या मोहिमेत आणलेल्या गाळात हिमयुगाच्या थरांत बर्फाने वाहून आणलेले कण अधिक आढळले.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पुष्कळ पाणी बर्फात अडकले होते. समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळला, तसा तो चढला. आज कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वी पुन्हा तापत आहे. समुद्र किती वेगाने चढेल, हा कोकणातील किनाऱ्यावरच्या गावांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे. पूर्वी बर्फ कसा वितळला, हे सांगणारे साक्षीदार सागरतळाशी आहेत.

नदीकाठी खडा दिसला, तर त्यालाही विचारा, “बाबा रे, तू येथे कसा आलास?”

स्वाध्याय
१. खोल समुद्रातील चिखलात खडे कसे येतात?
२. गाळाच्या थरांवरून शास्त्रज्ञ काय ओळखतात?
३. ‘दुथडी भरून वाहणे’ याचा वाक्यात उपयोग करा.