सतार आणि वाद्यवृंद

आपल्याकडील सतारवादक मैफलीस बसतो, तेव्हा त्याच्यापुढे कागद नसतो. रागाचे नियम त्याच्या मनात ठसलेले असतात. त्या मर्यादेत राहून तो तेथल्या तेथे नव्या स्वराकृती निर्माण करतो. म्हणूनच एकच राग दोनदा ऐकला, तरी तो तंतोतंत सारखा नसतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रीत निराळी. तेथे कित्येक वादक एकत्र बसतात. प्रत्येकापुढे स्वरलिपीचा कागद असतो आणि संचालकाच्या खुणेबरहुकूम सर्वजण वाजवितात. एकाच वेळी निरनिराळे स्वर उमटून त्यांचा मेळ साधतो. एखाद्याने मनास येईल तसे वाजविले, तर सारी रचना कोलमडेल!

मग या दोन रीती एकत्र नांदाव्यात कशा?

हा प्रश्न पंडित रविशंकर यांच्यापुढे उभा राहिला. ‘लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ या विख्यात वाद्यवृंदाने त्यांच्याकडे सतार व वाद्यवृंद यांसाठी रचना मागितली होती. रविशंकर बालपणी बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर युरोपात राहिले होते; तेथील संगीत त्यांच्या कानांवरून गेले होते. पुढे १९३८ साली ते मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे गेले व अनेक वर्षे त्यांनी कठोर साधना केली. गुरूही मोठे विलक्षण! साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना जमवून त्यांनी वाद्यवृंद उभारला होता. त्यात सतारीच्या जोडीला व्हायोलिन होते. इतकेच नव्हे, तर बंदुकीच्या नळ्यांपासून केलेला ‘नलतरंग’ही होता.

अशा गुरूच्या शिष्याने मार्ग शोधला. वाद्यवृंदाने वाजवावयाचे स्वर त्यांनी लिपिबद्ध करविले. सतारीला मात्र मधून मधून मोकळे अंगण ठेवले. रचनेचे भाग चार. त्यांचे आधार खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज हे राग. २८ जानेवारी १९७१ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. सतार स्वतः रविशंकर यांनी वाजविली.

काही रसिकांना ही भेसळ वाटली. पण रविशंकर थांबले नाहीत. १९८१ साली न्यूयॉर्क येथे त्यांची ‘रागमाला’ ही दुसरी रचना झाली. तिचे संचालन केले मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी.

भेसळीत दोन्ही वस्तूंचा कस उतरतो. संगमात दोन्ही प्रवाह पुष्ट होतात. हा भेद ओळखण्यास आधी आपली विद्या खोलवर जाणावी लागते. रविशंकर यांनी मैहरला घालविलेली वर्षे म्हणूनच मोलाची ठरली.