ऑइल फिल्टरची पारख

जयपूर शहराच्या आग्नेयेस, वस्तीला अगदी खेटून, झालानाचे जंगल पसरलेले आहे. तेथे बिबळ्या पाहण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांना घेऊन सकाळ-संध्याकाळ ज्या उघड्या गाड्या फिरतात, त्यांत मारुती जिप्सी या चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षे मानाचे स्थान मिळाले. १९८५ च्या अखेरीस बाजारात आलेली ही गाडी हलकी, बांधणीने साधी आणि दुरुस्तीला सोपी आहे. २०१९ मध्ये तिची सर्वसाधारण विक्री थांबली. तेव्हापासून जुन्या जिप्सीच्या मालकाला, एंजिन झिजले तर कारखान्यातून नवी जिप्सी आणू, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. आहे तेच एंजिन त्याला जपावे लागते. हे जपणे ज्या थोड्या वस्तूंवर अवलंबून असते, त्यांत ऑइल फिल्टर ही बहुधा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत निष्काळजीपणे विकत घेतली जाणारी वस्तू होय.

या प्रदेशातील धूळ सामान्य नव्हे. जयपूरभोवतालच्या अरवलीच्या टेकड्यांत क्वार्ट्झाइट हा खडक विपुल आहे. त्याची झीज होऊन झालेली वाळू आणि उन्हाळ्यातील आंधीबरोबर पश्चिमेकडून येणारी बारीक रेती या दोहोंतही गारगोटीचा अंश मोठा असतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोसच्या श्रेणीत हिऱ्याला १० आणि गारगोटीला ७ हा अंक दिलेला आहे. एंजिनातील बेअरिंगच्या आतल्या कवचाला तर मुद्दामच मऊ धातूचा थर दिलेला असतो. क्रँक शाफ्ट आणि हे कवच यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्या आधारावर शाफ्ट फिरतो. पापुद्र्याची जाडी काही ठिकाणी अवघी दोन-चार मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. पापुद्र्याहून थोडा मोठा असा कठीण कण त्यात शिरला की तो दोन्ही बाजूंच्या धातूला ओरखडत जातो. असा कण डोळ्यांना दिसत नाही. तेलाचा थेंब बोटांत चोळून ‘तेल स्वच्छ आहे’ असा निर्वाळा देणाऱ्या मिस्त्रीला तो बोटालाही जाणवत नाही.

ही धूळ एंजिनात शिरते ती मुख्यतः हवेच्या वाटेने. म्हणून एअर फिल्टर फाटका किंवा सैल बसलेला असेल, तर उत्तमातला उत्तम ऑइल फिल्टरही एंजिनाला वाचवू शकणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ऑइल फिल्टर ही संरक्षणाची दुसरी फळी आहे.

आरंभीच्या मोटारींत तेल गाळण्यासाठी फार तर तारेची जाळी असे. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याने मोटारीसाठी तेलाचा फिल्टर तयार केला आणि त्याला ‘प्युरोलेटर’ असे नाव दिले. त्या फिल्टरमधून एका वेळी तेलाचा थोडाच भाग जात असे. उरलेले तेल न गाळता थेट बेअरिंगांकडे जाई. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्येही हीच योजना होती. विलीज जीपची जुळणी नंतर महिंद्र कंपनीने भारतात सुरू केली. पुढे सर्वच्या सर्व तेल गाळून मग बेअरिंगांकडे पाठविण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या बहुतेक एंजिनांत तीच आहे, आणि फिल्टरच्या निवडीचा खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

सगळे तेल एकाच कागदातून जायचे असेल, तर तो कागद तुंबल्यावर काय व्हावे? किंवा जयपूरच्या जानेवारीतील पहाटे थंड, दाट झालेले तेल त्यातून लवकर पुढे सरकले नाही तर? अस्वच्छ तेल वाईट खरे, पण तेलच न मिळणे हे एंजिनाला घातक. म्हणून फिल्टरमध्ये, किंवा काही एंजिनांत फिल्टरच्या बैठकीत, एक पर्यायी झडप ठेवतात. कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देते. ही मर्यादा एंजिन बनविणाऱ्याने ठरविलेली असते. हलक्या फिल्टरमधील झडपेची स्प्रिंग कमजोर असली किंवा झडप नीट टेकत नसली, तर ती वाट सदैव थोडी उघडी राहते. अशा फिल्टरचा कागद कितीही चांगला असो, तेलाचा एक भाग त्याला वळसा घालून जातो. तेलाचा दाब ठीक असल्यामुळे इशाऱ्याचा दिवा लागत नाही, आवाजही येत नाही. याउलट स्प्रिंग फाजील कडक असली तर तुंबलेला कागद दाबाने चेपतो किंवा फाटतो.

दुसरी झडप रबराची असते. एंजिन थांबल्यावर फिल्टरमधील तेल मागे ओघळून तळाच्या टाकीत जाऊ नये, एवढेच तिचे काम. फिल्टर आडवा किंवा तिरका बसविलेला असेल तेथे ती फार महत्त्वाची ठरते. सफारीची गाडी पहाटे सुरू होते, दुपारभर उभी राहते आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा सुरू होते. झडपेचे रबर उष्णतेने कडक झाले असेल, तर प्रत्येक वेळी रिकामा फिल्टर भरेपर्यंत बेअरिंगांना तेलाची वाट पाहावी लागते. सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येऊन मग ती थांबते, तेव्हा या झडपेचाही संशय घ्यावा. नायट्राइल रबरापेक्षा सिलिकोन रबर उष्णतेत अधिक काळ लवचिक राहते. त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे जयपूरच्या उन्हाळ्यात वाया जात नाही.

कागदाविषयी वेष्टनावर बहुधा एकच आकडा छापलेला असतो: ‘२० मायक्रॉन’. हा आकडा एकटा जवळजवळ निरर्थक आहे. त्या आकाराचे शेकडा किती कण अडतात, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. निम्मे कण अडविणारा फिल्टरही २० मायक्रॉनचा म्हणवतो आणि ९९ टक्के अडविणाराही. काही कारखानदार टक्क्यांऐवजी ‘बीटा’ हा अंक देतात. बीटा २ म्हणजे त्या आकाराच्या दोन कणांपैकी एक अडतो, बीटा २० म्हणजे विसांपैकी एकोणीस, आणि बीटा १०० म्हणजे शंभरांपैकी नव्व्याण्णव. हे अंक आयएसओ ४५४८-१२ या प्रमाणित चाचणीने काढतात. चाचणीत तेलात मिसळण्याची प्रमाणित धूळ मुळात अमेरिकेतील ॲरिझोना वाळवंटाच्या मातीवरून ठरलेली आहे, म्हणजे जयपूरच्या वाहनचालकाला ती फारशी परकी वाटू नये. १९८८ मध्ये जनरल मोटर्समधील संशोधनात असे आढळले, की ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने एंजिनाची झीज निम्म्याने कमी झाली आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी.

यावरून सर्वांत बारीक फिल्टर तोच सर्वांत चांगला, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. बारीक कागदाचे क्षेत्रफळ अपुरे असेल तर तो लवकर तुंबतो, झडप उघडते आणि बारीकपणाचा उपयोगच राहत नाही. कण अडविण्याची शक्ती आणि मळ साठविण्याची शक्ती या दोन्ही हव्यात. कागदाला दाट, सारख्या अंतराच्या घड्या असतात त्या यासाठीच. डब्याचे वजन हातात तोलून फिल्टरची प्रत ठरविणारे ग्राहक पुष्कळ भेटतात. जाड पत्रा वजन वाढवितो, गाळत काहीच नाही.

‘बसतो म्हणजे चालतो’ हा दुकानांत ऐकू येणारा न्याय विशेष धोक्याचा आहे. आट्यांची दोन मापे फार प्रचलित आहेत: पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि २० मिलिमीटर. वीस मिलिमीटर आट्यांचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि तेलाचा दाब वाढल्यावर सुटून येऊ शकतो. तेव्हा माप डोळ्यांनी न ठरवता गाडीच्या पुस्तिकेतील भाग क्रमांक पाहावा. दुसऱ्या नामवंत कारखान्याचा फिल्टर घ्यायचा झाल्यास त्याच्या सूचीत आपल्या एंजिनासमोर तोच पर्याय दिलेला आहे याची खात्री करावी.

जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात काय किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात काय, अस्सल मालाशेजारी नकली माल मिळू शकतो, आणि नकली फिल्टरचे खोके अस्सलाहून देखणे असू शकते. किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना व वर्ष आणि कमाल किंमत असणे २०११ च्या नियमांनी आवश्यक केले आहे. यांपैकी एखादी गोष्ट नसेल, छपाई पुसट असेल किंवा दुकानदार पक्की पावती देण्यास कां-कूं करत असेल, तर तो फिल्टर परत ठेवावा.

बदलण्याची वेळ केवळ किलोमीटरवर ठरविणे जंगलातील गाडीला न्याय देत नाही. खालच्या गिअरमध्ये, धुळीतून, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचा आकडा सावकाश सरकतो. एंजिन मात्र तासन्‌तास फिरलेले असते. गाड्यांच्या पुस्तिकांत कठीण परिस्थितीतील वापरासाठी कमी अंतराची मर्यादा दिलेली असते. झालानातील गाडीला तीच लागू समजावी. नवा फिल्टर चढविण्यापूर्वी जुन्याचे रबरी कडे एंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे पाहावे. एका कड्यावर दुसरे बसले तर तेल जोराने बाहेर फेकले जाते. नव्या कड्याला तेलाचे बोट लावून फिल्टर हाताने, वेष्टनावर सांगितले असेल तेवढाच आवळावा.

उतरविलेला फिल्टर लगेच फेकू नये. तेल निथळू द्यावे, पत्रा कापून कागद बाहेर काढावा आणि घड्या उलगडून उजेडात धराव्यात. घड्या चेपलेल्या, फाटलेल्या किंवा टोकाच्या चकतीपासून सुटलेल्या असतील, तर ती जात पुन्हा घेऊ नये. काळा, सारखा पसरलेला मळ अपेक्षितच असतो. घड्यांत चमकणारे धातूचे कण सापडले तर गाडी दुसऱ्या दिवशीच्या फेरीला न काढता मिस्त्रीकडे न्यावी, आणि तो कागदही सोबत न्यावा.