बर्फावर जाताय? उद्याचं जेवण आज सांगून ठेवा

औलीचा स्कीइंगचा कोर्स असो की गुलमर्गची चार दिवसांची सहल, हॉटेलचं मेन्यूकार्ड उघडलं की पनीर बटर मसाला, मंचुरियन आणि मॅगीच समोर येते. तिथली माणसं स्वतः काय खातात ते कार्डावर क्वचितच सापडतं. ते घरात शिजतं, आणि सांगितल्याशिवाय पाहुण्याच्या पानात पडत नाही. पहाडातलं हिवाळी जेवण म्हणजे कडधान्यं, वाळवणं आणि रात्रभर मंद आचेवर राहणारं मांस. कडधान्य भिजायलाच एक रात्र जाते. शिवाय अडीच-तीन हजार मीटरवर पाणी ९० ते ९२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ शिजायला पुण्या-मुंबईपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. अशा ठिकाणी ऐन जेवणाच्या वेळी फर्माईश केली तर नकारच ऐकावा लागतो. तेव्हा पोचल्या संध्याकाळी, सामान खोलीत टाकलं की लगेच स्वयंपाक करणाऱ्याला गाठा आणि दुसऱ्या दिवशीचं ठरवून टाका. सहा-आठ जणांचा गट असेल तर काम आणखी सोपं होतं, कारण एवढ्यांसाठी वेगळं पातेलं चढवायला कुणीही तयार होतो.

औली आहे उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर. बर्फाचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे रस्त्यानंच वर जायचं धरून चाला आणि निघण्याआधी एकदा विचारून घ्या. रस्त्यानं जाण्यात खाणाऱ्याचा फायदाच आहे: जोशीमठच्या बाजारात थांबता येतं, आणि गढवाली जेवणाची चौकशी वरच्या रिसॉर्टपेक्षा इथं जास्त फळते.

मराठी माणसाला गढवालचं स्वयंपाकघर परकं वाटत नाही. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ, झंगोरा म्हणजे भगरीच्या जवळचा सावा. पहिल्याच दिवशी मागायचा तो फाणू. गहत रात्रभर भिजवतात, सकाळी वाटतात आणि लोखंडी कढईत पाणी घालून ते वाटण हळूहळू दाट होऊ देतात. वर फोडणी आणि सोबत गरम भात. वाटून घेतल्यामुळे अख्ख्या कडधान्यापेक्षा ते लवकर शिजतं, आणि जिथं जळण डोक्यावरून आणावं लागतं तिथं हे फार महत्त्वाचं. कोकणात कुळथाच्या पिठीवर वाढलेल्या माणसाला हा पदार्थ पहिल्या घासातच आपला वाटेल, फक्त इथं कोकम आणि नारळ शोधू नये. पहाडात गहत उष्ण मानतात, म्हणून तो थंडीत आवर्जून रांधला जातो.

दुसरा चैंसू. काळे उडीद कोरडे भाजून भरडतात आणि तूप किंवा तेलावर परतून शिजवतात. चव विलक्षण खमंग, पण पचायला जड. सकाळी स्की पायांना बांधायच्या असतील तर आदल्या रात्री चैंसू नको, तो विश्रांतीच्या दिवशी दुपारी खावा. मंडुव्याची रोटी मात्र रोज खा, तूप-गूळ किंवा लोणी घेऊन. ती तव्यावरून थेट पानात यायला हवी, गार झाली की चिवट होते. तोंडी लावायला पिस्यूं लूण मागा: पाट्यावर लसूण, मिरची आणि रानातली सुगंधी पानं घालून वाटलेलं मीठ. बटाट्याच्या गुटक्यांना जखियाची फोडणी असते. हे मोहरीसारखे बारीक दाणे दाताखाली कुरकुरतात, आणि एकदा आवडले की साधी मोहरी अपुरी वाटू लागते.

कंडालीची भाजी मिळाली तर सोडू नका. ही खाजकुयलीसारखी झोंबणारी वनस्पती आहे. तिची कोवळी पानं चिमट्यानं खुडतात, उकळली की तिचा डंख पार जातो. शेतात दिसली म्हणून हौसेनं हात लावू नये, तासभर आग होते.

गोडात अरसे. तांदूळ भिजवून, कुटून, गुळाच्या पाकात मळून तळलेले. आपल्या अनारशाचेच भाऊबंद, लग्नकार्यात मोठ्या प्रमाणावर होतात आणि बरेच दिवस टिकतात. जॅकेटच्या खिशात ठेवायला याहून चांगली वस्तू नाही. थंडीत चॉकलेट दगडासारखं होतं, चिक्की दात घेते, अरसा मात्र निमूटपणे चावता येतो.

गुलमर्गची गोष्ट वेगळी. तिथलं सर्वांत मोलाचं हिवाळी खाणं गुलमर्गला नाहीच, श्रीनगरच्या जुन्या शहरात आहे. म्हणून विमानतळावरून थेट वर पळण्यापेक्षा एक रात्र श्रीनगरात काढा. २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी हा चिल्लई कलान, कडाक्याच्या थंडीचा चाळीसेक दिवसांचा काळ, आणि त्या दिवसांचा नाश्ता म्हणजे हरीसा. मटण, थोडा तांदूळ, बडीशेप, दालचिनी, वेलची हे सगळं लाकडाच्या आचेवर बसवलेल्या देगेत रात्रभर राहतं. मग हाडं काढून ते घोटून घोटून एकजीव करतात आणि वाढताना वर कडकडीत तेल ओततात. सोबत कांदुरच्या, म्हणजे नानवाल्याच्या, भट्टीतला गिर्दा. आलीकदल भागातली हरीशाची दुकानं प्रसिद्ध आहेत. पहाटे जा, उन्हं वर येईपर्यंत देग रिकामी होते. त्या दिवशी दुपारच्या जेवणाची गरज पडणार नाही.

शाकाहारींनी हिरमुसायचं कारण नाही. हाख ही पालेभाजी मोहरीच्या तेलात, जवळजवळ मसाल्याविना शिजते. भातावर तिचं पाणीसुद्धा ओतून घ्यावं. कमळाच्या देठांची, म्हणजे नदरूची, दह्यातली यखनी फार सौम्य आणि छान. होख स्यून म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या: वांगी, दुधी, टोमॅटो. पूर्वी बर्फानं वाटा बंद झाल्या की घरं त्यावरच चालत. हॉटेलात ती सहसा नसते, तेव्हा ही भाजीही आदल्या दिवशी सांगा आणि मांसाशिवाय हवी हे स्पष्ट बोला, कारण ती पुष्कळदा मटणात घालतात. वाझवानचा, म्हणजे काश्मिरी मेजवानीचा, मोह मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत आवरा. एका त्रामीभोवती, म्हणजे मोठ्या ताटाभोवती, चौघांनी बसून जेवायच्या त्या थाटानंतर सकाळी उतारावर उभं राहणं कठीण आहे.

उतारावरून परतल्यावर कहवा घ्या, केशर-दालचिनीचा. नून चहा गुलाबी दिसतो म्हणून गोड समजू नका, तो खारट असतो. गिर्दा बुडवून प्यायला तर चटकन आवडतो.

मनालीजवळच्या सोलंगला जाणाऱ्यांना एवढी तयारी लागत नाही. तिथं सिड्डू गाड्यांवरही मिळतो: आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवलेला, वरून तूप. एक दोघांना पुरतो.

आता पथ्यं. थंडीत तहान कळत नाही, पण उंचीवर आणि श्रमांत शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि आठवणीनं घोट घेत राहा. सकाळी पोट भरलेलं असावं, तुडुंब नसावं. आणि बर्फावर अंग गरम ठेवायला म्हणून रम घेऊ नका. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब जाणवते आणि आतली उष्णता बाहेर जाते. दमलेल्या, भिजलेल्या माणसाला हे धोक्याचं आहे.

येताना जोशीमठहून गहत, जखिया आणि मंडुव्याचं पीठ घ्या. शक्यतो पाकीटबंद ब्रँडपेक्षा सुटं, गावातल्या बायकांच्या बचत गटाचं मिळालं तर फारच उत्तम. बुरांशच्या फुलांचं सरबतही घ्या, पण बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नका. विमानतळावर ती अडवली जाऊ शकते. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका.