भीड

वाई, कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल बाजारात तुमच्या गावचे एक गृहस्थ भेटले आणि मला ठाऊकच असेल अशा समजुतीने सांगू लागले, की चुलत्यावर वाटपाचा दावा लावण्यासाठी तू सूनबाईच्या पाटल्या पेढीवर गहाण ठेवल्यास, आलेली सगळी रक्कम वकिलासाठी म्हणून कोणा मध्यस्थाच्या हाती दिलीस, पावती घेतली नाहीस, आणि निकाल आपल्याच बाजूने लागेल ही त्याची हमी ऐकून समाधानाने घरी परतलास. रात्रभर मला झोप लागली नाही. दाव्याचे मला भय नाही. वडिलार्जित जमिनीतला हिस्सा मागणे हा तुमचा हक्कच आहे. पण पाटल्या गेल्या आणि हाती पावतीदेखील नाही, हे कसे झाले, बाळ?

मामलेदार कचेरीत 32 वर्षे काढलेल्या माणसाच्या भाच्याने एवढे तरी विचारायला हवे होते, की ही रक्कम फीची की खर्चाची. वकिलाची फी ही एक बाब. कोर्ट फीचा स्टॅम्प, समन्स बजावणी, सातबाराच्या व फेरफारांच्या नकला, पुढे कमिशनर नेमला गेला तर त्याचा मेहनताना, या बाबी निराळ्या, आणि त्या पक्षकाराच्याच माथी बसतात. शिवाय ठरलेली फी कुठवर पुरणार? साऱ्याच्या शेतजमिनीत दिवाणी न्यायालय हिस्से ठरवून देते, परंतु प्रत्यक्ष वाटपासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 54 व्या कलमाप्रमाणे हुकूमनामा कलेक्टरकडे जातो, आणि तिथून तो मोजणीसाठी कसा टेबलामागून टेबल फिरतो हे मी माझ्याच टेबलावर पाहिले आहे. दावा जिंकला म्हणून पेढे वाटलेली माणसे पुढे, हे काम कोणी करायचे आणि कोणत्या फीत, असे विचारीत माझ्यासमोर उभी राहत; त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

आणि हमी कसली? कोणताही जाणता वकील निकालाची हमी देत नाही. उरलेली फी जिंकल्यावर जमिनीतून द्या, असेही तो मध्यस्थ म्हणाल्याचे कानावर आले. फी निकालावर अवलंबून ठेवणे किंवा दाव्यातल्या मिळकतीत वाटा मागणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच वर्ज्य आहे. तेव्हा जो असे बोलतो त्याच्या हाती सूनबाईच्या पाटल्यांचे पैसे असावेत, हे मला सोसवत नाही.

तू म्हणशील, मामाला पाटल्यांचाच एवढा घोर का? घरात हे कोणी उघड बोलत नाही, पण तुला माहीत आहे. आमच्या घरामागच्या बोळाचा दावा मी लढत होतो तेव्हा अक्काने, तुझ्या आईने, आपल्या हातातल्या पाटल्या काढून रुमालात बांधून माझ्यासमोर ठेवल्या होत्या. प्रत्येक तारखेला वकील सांगतील ते मी देत गेलो. एकूण किती लागेल हे विचारायची मला भीड वाटली. निकाल विरुद्ध गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस होते, फीची बाकी राहिली होती, आणि ती दिल्याखेरीज ते कागद परत देणार नाहीत अशी माझी मीच समजूत करून घेतली. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन, चपला न काढताच मागे फिरलो. मुदत टळली. थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सन 2000 मध्ये स्पष्ट सांगितले. पण आज वाटते, मी नुसता शब्द टाकला असता तर त्यांनी ते तेव्हाही दिले असते. बोळ गेला आणि पाटल्याही सुटल्या नाहीत. तुझे वडील हयात असताना अक्का दर भाऊबीजेला मला ओवाळी, तेव्हा तिच्या हातात काचेच्याच बांगड्या असत, आणि मी निरांजनाकडे पाहत राही.

फार कठोर लिहिले. तुला कोणी सांगणारे नव्हते, आणि ज्याने सांगायचे तो मी इथे बसून राहिलो. आता ऐक. जमिनीत अक्काचाही हिस्सा आहे, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा असतो. तरीही स्वतःचाच वकील हवा असेल तर मध्यस्थ नको. वकिलांना समक्ष भेटून फी ठरवावी, कुठवरच्या कामाची ते लिहून घ्यावे. चुलत्यांचे मनही एकदा पाहावे. दावा लागल्यावरही लोकन्यायालयात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. शिवाय तुझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात हेच चुलते बसत, हे मी विसरलेलो नाही.

येत्या रविवारी मी येतो. सोमवारी दोघे मिळून वकिलांकडे जाऊ. विचारायचे ते मी विचारीन, तू नुसता शेजारी बस. पेढीची चिठ्ठी काढून ठेव. निवृत्तिवेतनातले थोडे शिल्लक आहे, पाटल्या सोडवायला ते पुरेल असे वाटते. सूनबाईला यातले काही बोलू नकोस, ती नको म्हणेल. अक्काला मात्र सांग, मी दोन दिवस राहायला येतो आहे.

तुझा,
मामा