फुटणारी काच तडा कशी सांधते?

शर्यतीच्या मोटारसायकलचे पुढचे निमुळते कवच तुम्ही निदान चित्रात तरी पाहिले असेल. त्याला 'फेअरिंग' म्हणतात. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ते बसवतात. इटलीतील मोतो गुझी कंपनीने १९५० साली पूर्ण मोटारसायकल आत मावेल असा वातबोगदाच बांधला होता, इतके या आकाराला महत्त्व! शर्यतीच्या गाड्यांवर हे कवच बहुधा फायबरग्लासचे असते. गाडी आडवी झाली की त्याला तडा जातो. हा तडा सांधायलाही पुन्हा काचच वापरतात. हातातून निसटताच फुटणारी काच इथे कशी उपयोगी पडते?

काच मुळात दुबळी नाही. तिला दुबळे करतात तिच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म चरे. ओढ बसली की सारा ताण चऱ्याच्या टोकाशी एकवटतो आणि चरा पुढे धावतो. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२०च्या सुमारास हे दाखवून दिले. काचेचा धागा जितका बारीक, तितके त्यात मोठे चरे कमी. ग्रिफिथच्या प्रयोगांत अतिशय बारीक धागा सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या कांडीपेक्षा जवळजवळ २० पट बळकट ठरला. अशा असंख्य धाग्यांना पॉलिएस्टर राळ एकत्र धरून ठेवते. एक धागा तुटला, तरी त्याचा भार राळेमार्फत शेजारच्या धाग्यांवर जातो. हेच फायबरग्लास.

आता दुरुस्ती पाहू. पुष्कळजण तड्यात नुसती लांबी भरून वर रंग देतात. दिसायला ठीक, पण लांबीत लांब धागे नसतात, त्यामुळे हादरे बसताच तडा पुन्हा त्याच जागी उघडतो. धावत्या गाडीचा तुकडा सुटला, तर मागच्या स्वाराच्या जिवावर बेतेल. म्हणून खरी दुरुस्ती आतून करतात.

प्रथम तड्याच्या टोकाशी सुमारे ३ मिलिमीटरचे गोल छिद्र पाडतात. टोकदार शेवट गोल झाला की ताण पसरतो व तडा थांबतो. मग बाहेरून चिकटपट्टी लावून आकार जागच्या जागी धरतात आणि आतली बाजू तड्याकडे उतरती घासतात. हा उतार कशासाठी? समजा, कवच ३ मिलिमीटर जाड आणि तडा ३० सेंटिमीटर लांब आहे. नुसत्या कडेला कड चिकटवली, तर चिकटणारे क्षेत्रफळ ३० × ०.३ = ९ चौरस सेंटिमीटर. उतार जाडीच्या १२ पट, म्हणजे ३.६ सेंटिमीटर रुंद केला, तर एकेका बाजूला ३० × ३.६ = १०८ चौरस सेंटिमीटर! तोच भार बारा पट जागेवर वाटला जातो.

नंतर राळेत वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर मिसळून काचतंतूंच्या मॅटचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, ब्रशने दाबून बसवतात. अडकलेला हवेचा बुडबुडा म्हणजे नवा दुबळेपणा, म्हणून तो दाबून काढतात. घट्ट होताना राळ तापते. डब्यात जास्त राळ कालवून ठेवली, तर धूरही निघू शकतो. सर्वांत शेवटी बाहेरून लांबी आणि रंग.

मात्र तुटलेल्या कडेला काचेचे बारीक धागे दिसले, तरच ही रीत वापरावी. आजच्या रस्त्यावरील बऱ्याच गाड्यांची कवचे साध्या प्लास्टिकची असतात आणि काही प्लास्टिकांना ही राळ धरतच नाही. शिवाय हार्डनर डोळ्यांना फार घातक, घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना त्रासदायक. तेव्हा हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत, चष्मा, हातमोजे व मुखपट्टी लावूनच करावे.

घरी करता येईल असा एक प्रयोग देतो. कागदाच्या ३ सेंटिमीटर रुंद दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या कडेला कात्रीने १ सेंटिमीटरचा सरळ छेद द्या. दुसरीच्या कडेला तितकीच खोल अर्धगोल खाच कापा. दोन्ही पट्ट्या दोन टोकांना धरून सरळ ओढा. कोणती आधी फाटते? तड्याच्या टोकाशी छिद्र का पाडतात, याचे उत्तर तुमच्या हातांनाच मिळेल.