दुपार मोकळी ठेव

चि. ऋतुजास,


तुझ्या रिट्रीटचं वेळापत्रक वाचलं. डिसेंबर, दापोली, चार दिवस, बारा बायका, इथपर्यंत उत्तम. पुढे मात्र पहाटे साडेपाचला चालणं, सहाला श्वसन, सातला पिलाटीज, मग व्याख्यान, मग चर्चा, ते थेट रात्री दहापर्यंत. अगं, या बायका घरी याहून जास्त झोपतात!

सकाळी एकच वर्ग ठेव, तासाभराचा. संध्याकाळी अर्धा तास हलकं ताणणं आणि श्वास. मधली दुपार कुणालाही, कशासाठीही देऊ नकोस. पैसे घेतलेत म्हणून तास भरले पाहिजेत, ही भीती तुझी आहे, त्यांची नाही. जोसेफ पिलाटीजचाही भर थोडंच पण नीट, मन लावून करण्यावर होता. त्याच्या १९४५ च्या पुस्तकातले ३४ व्यायाम नुसत्या मॅटवर होतात, म्हणून रिफॉर्मरची यंत्रं टेम्पोत घालून ताम्हिणी घाट उतरवायच्या फंदात पडू नकोस. आणि ३४ च्या ३४ शिकवायचेही नाहीत. आठ-दहा पुरे.

पुण्याहून निघालं की पाच-सहा तास गाडीत जातातच. तेव्हा पहिल्या संध्याकाळी वर्ग नको. पोटऱ्या खुर्चीवर टेकवून पंधरा मिनिटं पाठीवर पडून राहू देत. कंबर आपोआप जमिनीला टेकायला लागते, तुला काही बोलावंही लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या यादीतल्या निम्म्या बायका पन्नाशीपुढच्या आहेत. नाव नोंदवतानाच प्रत्येकीकडून तब्येतीची माहिती लिहून घे: हाडांची घनता, रक्तदाब, जुनी ऑपरेशनं, गुडघे. फिजिओथेरपीत आयुष्य काढलं म्हणून सांगते, हाडं ठिसूळ झालेली असतील तर पाठीचा कणा पुढे वाकवणारे व्यायाम नकोत. रोल-अप नको आणि चेंडूसारखं गडगडणं तर मुळीच नको. त्याने मणक्याला दबून फ्रॅक्चर होऊ शकतं. अशा बायकांना कणा सरळ ठेवून ब्रिज दे, कुशीवर झोपून पाय उचलायला लाव, पोटावर झोपून छाती किंचित वर घेऊ दे. रक्तदाब असलेल्यांना ‘हंड्रेड’चा व्यायाम करताना श्वास कोंडू देऊ नकोस. हे सगळं तिथे जाऊन आठवायचं नाही, प्रत्येकीच्या नावापुढे आधीच लिहून ठेव.

वाळूवर वर्ग घ्यायचा बेतही रद्द कर. फोटो छान येतील, पण किनारा उतरता आणि वाळू भुसभुशीत, त्यात कुणाची कंबर सरळ राहणार? समुद्रावर नुसतं फिरायला जा. वर्गाचा हॉल स्वतः बघून ये. डिसेंबरात सकाळी लादी गार पडते, मॅटखाली सतरंजी लागेल. कमोड किती, इन्व्हर्टर आहे का, हेही विचार. कुणाचं येणं ऐनवेळी रद्द झालं तर पैसे परत मिळणार की नाही, ते सगळ्यांना आधीच लिहून दे.

जेवणात ‘डिटॉक्स’ कशाला आणतेस? घरगुती मऊभात, कुळथाचं पिठलं, सोलकढी असू दे, आणि ज्यांना मासे हवेत त्यांना मासे. उकडीचे मोदक मिळाले तर दोन-दोन खाऊ देत. फक्त सकाळचा वर्ग नाश्त्याच्या आधी घे.

फोन जमा करून घ्यायची कल्पना मला पटली नाही. एखादीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली असेल. तिचा फोन काढून घेतलास तर एकाही रात्री तिचा डोळा लागणार नाही. वर्गात फोन नको, एवढं सांगितलंस की पुरे.

नवं वेळापत्रक करून पाठव. अर्ध्या पानात मावलं नाही, तर मी ते परत पाठवीन.

तुझी,
मावशी