आधी गद्य, मग पदं

हौशी मंडळी संगीत नाटक करायचं म्हणाली की बहुतेक वेळा ‘संशयकल्लोळ’ निघतं. नाटक विनोदी, पदं लोकांच्या ओठावरची. अशा प्रयोगांना मी बरीच वर्षं ऑर्गनची साथ करतोय आणि पुन्हा पुन्हा एकच घात पाहतोय: पदं घोटलेली असतात, गद्य कच्चं असतं.

नाटककार देवलांनी हे नाटक मोलिएरच्या प्रहसनावरून आधी गद्यच लिहिलं होतं, ‘फाल्गुनराव’ या नावानं. पदांसह ते गंधर्व मंडळीनं १९१६ साली रंगभूमीवर आणलं. त्यामुळे हशा पिकतो तो संवादांवर.

एका देवळाच्या उत्सवातला प्रयोग आठवतो. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. मग रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला बघतो. सगळा कल्लोळ इथून. त्या रात्री तसबीर पासपोर्ट फोटोएवढी होती, आणि कृत्तिकेनं ती उचलली प्रेक्षकांकडे पाठ करून! मागच्या रांगांना काही कळलंच नाही. पुढे अश्विनशेठनं एकच पद आळवून आळवून गायलं. गळा खरंच गोड, वन्समोअरही मिळाला. पण नंतर फाल्गुनराव संशयानं तणतणत आला, तेव्हा कुणी हसलं नाही.

म्हणून सांगतो, तसबीर मागच्या रांगेतूनही दिसेल एवढी घ्या आणि पहिल्या तालमीपासून तीच वापरा. साथीदारांनाही सुरुवातीपासून बोलवा. रंगीत तालमीलाच ऑर्गन आला, तर वाक्य संपवून नट सुरासाठी ताटकळतो आणि तेवढ्यात प्रसंग थंड पडतो. कुठल्या शब्दावर सूर धरायचा, हे आमच्या संहितेत लिहिलेलं हवं. प्रत्येकाची पट्टीही आधी ठरवा. रेवती काळी चारमध्ये आणि अश्विनशेठ काळी एकमध्ये गाणार असेल, तर दोन तबले लावून ठेवावे लागतात.

पदं कमी करायला कचरू नका. ठेवाल त्यांची वेळ घड्याळ लावून बांधा, वन्समोअर किती घ्यायचे तेही ठरवा.

आणि पात्रं निवडताना फाल्गुनरावापासून सुरुवात करा. त्या कामाला पक्का नट मिळत नसेल, तर यंदा दुसरं नाटक घ्या.